आईचा चष्मा

निरुपमा विधवा बायकांकडून गोधड्या शिवून घेई. तिच्या तासगावच्या शेडमध्ये आज चौगुले नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी खिशातून जुना चष्मा काढला.

"ताई, आई जाऊन अकरा वर्षं झाली, कळतंय मला. पण तुमच्या जाहिरातीत ती चष्म्याशिवाय शिवत होती. तिला सुईचं नेढं दिसत नाही हो."

बायकांचे हात थांबले. जाहिरातीच्या ॲपने महिन्यापूर्वी विचारलं होतं, "पाहणाऱ्याच्या फोनमधल्या फोटोंतलं जवळचं माणूस गोधडी शिवताना दाखवू का? विश्वास बसतो." माल पडून होता. निरुपमाने बायकांना न विचारताच हो म्हटलं होतं.

"कुठं बसते ती?" चौगुल्यांनी विचारलं.

निरुपमाने खरं सांगायला तोंड उघडलं. मग मान खाली घालून ती उठली आणि तिने आपली रिकामी खुर्ची त्यांना दाखवली.