खुणेचे मासे

उन्हाळ्यात मासे तगावेत म्हणून आपटा गावात पाताळगंगेच्या काठाशी एक डोह खोदला होता. त्यातले मासे मोजायला मी आले होते. काल पकडलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीला कात्रीने छोटा त्रिकोणी काप दिला आणि त्याला परत सोडलं. आज पुन्हा जाळं टाकून खुणेचे किती येतात ते बघायचं, एवढंच काम.

जाळं भरून आलं. खुणेचा एकही नव्हता.

"जातील कुठं, म्याडम? डोहाच्या तोंडाला जाली हाय, कुठं फाटली पन नाय," जाळं टाकणारे तुळशीराम काका म्हणाले.

पुन्हा टाकलं. सगळ्या शेपट्या अखंड.

मग जाळं तळाशी अडकलं. काल अडकलं तेव्हा मीच बुडी मारून सोडवलं होतं. आज काका उतरले.

बराच वेळ पाणी हललंच नाही.

ते धापा टाकत वर आले, तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीला छोटा त्रिकोणी काप होता. कडा साफ. रक्ताचा थेंब नाही.

"काका, तुमचा कान..."

त्यांचं लक्षच नव्हतं. वाऱ्याने माझे केस मागे उडाले होते, आणि ते माझ्या कानाकडे बघत होते.