शिवला का?

कावळे आले होते. घाटाच्या कठड्यावर चांगले ओळीनं बसले होते, पण पिंडाकडे एकही फिरकत नव्हता.

"बोला काहीतरी," गुरुजी श्यामकाकाला म्हणाले. "जाणाऱ्याची इच्छा राहिलेली असते. शब्द द्या, म्हणजे शिवेल."

श्यामकाकानं हात जोडले. "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. अदितीचं शिक्षण माझ्याकडे लागलं."

एक कावळा उडून पिंडाजवळ आला. मान वाकडी करून त्यानं भाताकडे बघितलं आणि परत कठड्यावर जाऊन बसला.

अदितीला आधी हसू आलं, मग रडू. बाबा अगदी अस्सेच करायचे. घरच्या पोह्यांकडे मान वाकडी करून बघायचे आणि स्कूटरची किल्ली उचलायचे.

"काका, साधा भात ठेवलाय आपण! बाबा कधी साधा भात जेवलेत का?"

"गप गं. इथे बडबड नको."

पण गुरुजींनी मान डोलावली. "आवडीचं काही असेल तर आणा. चालतं."

आवडीचं! अच्युतरावांच्या आवडीचं म्हणजे अर्धं भोपाळ झालं असतं. कारखान्यात ते इंजिनियर होते, पण अयोध्या नगरातली माणसं त्यांना मशीनबद्दल नाही, कचोरीबद्दल विचारायची. दर रविवारी अदितीला मागे बसवून त्यांची फेरी निघायची. गेल्या महिन्यात ती त्यांनी अचानक बंद केली. "तू आता मोठी झालीस. एकटीनं फिरायला शिक," म्हणाले. अदितीला केवढा भाव चढला होता तेव्हा.

आणि मग दहा दिवसांपूर्वी होशंगाबाद रोडवर एका ट्रकनं ती स्कूटर फरफटत नेली. स्कूटरनं पेट घेतला. श्यामकाकानं ओळख पटवली ती नंबरप्लेटवरून आणि डिकीतल्या जेवणाच्या डब्यावरून. बाकी ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आईला आणि अदितीला तर बघूच दिलं नाही.

घाटाच्या पायऱ्या चढताना आईचा फोन आला. "शिवला का गं?"

"शिवेल, आई. तू पाणी तरी पी."

"शिवल्याशिवाय नाही."

नेहरू नगरच्या पोहेवाल्यानं नुसतं अदितीला बघितलं आणि गिऱ्हाइकांना थांबवून पुडा बांधायला घेतला. "साहब को सेव ज़्यादा लगती थी," म्हणत त्यानं मूठभर सेव वर टाकली. जलेबीही गरम तुपातली काढून दिली. पुढच्या चौकात मुगाची भजी, म्हणजे मंगोडे, तळणाऱ्या काकी तर रडायलाच लागल्या. "ऐसा खाने वाला आदमी अब कहां मिलेगा, बेटा?" अदितीला वाटलं, बाबांना हे ऐकायला मिळालं असतं तर कसले फुशारले असते.

पोहे, जलेबी, मंगोडे, सगळं पिंडाशेजारी मांडलं. कावळे बघत राहिले. तेवढ्यात एक कुत्रा आला आणि जलेबी घेऊन पळाला.

"कुत्रा चालतो का हो?" श्यामकाकानं हळूच विचारलं.

गुरुजींनी वर बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू आणि लावू पिंडाला. झालं."

"गवताचा कावळा?" अदितीचा आवाज एवढा चढला की पलीकडची माणसं वळून बघायला लागली. "आई घरी सकाळपासून पाण्याविना बसलीय. तिला काय सांगू? गवत शिवलं म्हणून?"

"अगं, सगळेच करतात."

"मी नाही करू देणार. काका, प्लीज. एकच जागा राहिलीय. तिथलं नाही आणलं, म्हणून रुसलेत ते."

"कुठली जागा?"

ते गुपित होतं. बाबांना बीपी होतं. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं आणि आई मिठाची बरणी कपाटात कुलपात ठेवायची. अदिती सातवीत असताना एकदा बाबा तिला जुन्या शहरातल्या एका बोळात घेऊन गेले होते, चच्चांच्या टपरीवर. तिथे नमकवाली चाय मिळते, मीठ घातलेली. बाबांनी लागोपाठ दोन कप रिचवले होते. "मंजूषाला कळलं तर माझं काही खरं नाही. ही जागा आपल्या दोघांचीच, काय?" त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली होती. तिनं ती आजवर पाळली होती. बाबांना ओळखणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे आपण, याची तिला खात्री होती.

"मी एकटी जाते," ती म्हणाली. "जवळच आहे. तोपर्यंत ते गवत पिशवीत ठेवा."

बोळ सापडायला वेळ लागला, पण टपरी तशीच होती. दोन किटल्या वाफाळत होत्या, एक नमकवाली, एक साधी. चच्चांनी तिला लगेच ओळखलं.

"अरे, साहब की बिटिया! कित्ती बड़ी हो गई, खां!"

इथे कुणाला काही कळलेलंच नव्हतं. बाबा गेले, हे सांगायला हवं होतं. मागाहून सांगू, तिनं ठरवलं. आधी चहा.

"चच्चा, एक पार्सल. साहबवाली."

खिशात फोन थरथरला. आई. अदितीनं तो कानाला लावला.

"शिवला का?"

"पाच मिनिटं, आई. आता नक्की शिवेल. बाबांना काय हवंय, ते मला कळलंय."

फोन ठेवून ती वळली, तर चच्चा साध्या किटलीतला चहा पिशवीत ओतत होते.

"चच्चा, ये नहीं! नमकवाली!"

"नमकवाली?" चच्चा पिशवीला गाठ मारत हसले. "वो तो साहब ने परसों से छोड़ दी, बिटिया. कहते हैं, अब लंबा जीना है."