ढोलकीवरचे शेंदरी थेंब

"त्या बुरशीला माझंच नाव दे," नागोराव चौथ्यांदा म्हणाले. "ढोलकी माझी, घर माझं. मग नाव काय शेजाऱ्यांचं देणार?"

रश्मी हसली. बुरशीच्या जाती ओळखणं हेच तिचं काम, आणि खारीगावातल्या या घराचा निम्मा फ्रीज तिच्या काचेच्या बशांनी अडवलेला असायचा.

"बाबा, शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. शोधणाऱ्याचं नाव ओळीच्या शेवटी लागतंच ना."

"तेच म्हणतोय मी! तुझं तुला देता येत नाही. माझं तर येतं?"

नागोराव सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी टेबलावरची 'एन. के. सोनकांबळे' ही पाटी कुणीतरी उचलून कपाटात टाकली, हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं. आता एकदा पुस्तकात नाव छापून आलं, की ते कोणाच्या बापाला काढता येणार नव्हतं.

आणि गंमत म्हणजे ती बुरशी आधी दिसली त्यांनाच. भिंतीवरची काळी, पावावरची हिरवी या एव्हाना ओळखीच्या झाल्या होत्या. ढोलकीच्या चामड्यावर मात्र हिरव्यावर शेंदरी थेंब होते. "थांब, ही आपल्यातली नाही," म्हणत त्यांनी फडकं घेऊन आलेल्या बायकोला, वैजयंताबाईंना, अडवलं. मग रश्मीने दाखवलं तसं, बायकोने उकडलेल्या बटाट्यांच्या पाण्यावर त्यांनी ती वाढवली, आणि चाळीस सकाळी रंग, आकार, वास तारीखवार वहीत टिपला. जुनी सवय, दुसरं काय!

"आणि समजा, तुमचं नाव नाही जमलं तर? दुसरं कोणाचं?" रश्मीने विचारलं.

"तर मग तुझ्या आईचं. चार किलो बटाटे उकडलेत तिने," नागोराव फणकारले.

"बरं. इथे सही करा," म्हणत रश्मीने एक छापील कागद पुढे केला.

चष्मा आतल्या खोलीत होता. जन्मात न वाचता सही न केलेल्या माणसाने खुशाल सही ठोकली. नमुना दिल्याची पोच असणार.

मार्चमध्ये रश्मी गरम जिलेबी आणि संशोधन-पत्रिकेचा छापील अंक घेऊन नाचतच घरात शिरली. नागोरावांनी घाईघाईने पान उघडलं. वर ठळक अक्षरांत होतं, पेनिसिलियम वैजयंताए.

"अगं बाई! मेली बुरशी, आणि माझं नाव?" वैजयंताबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

नागोरावही हसले, बायकोला जिलेबी भरवली. पण चेहरा पडायचा तो पडलाच. "छान झालं," म्हणत त्यांनी अंक मिटला.

"बाबा, ओळ संपली नाही अजून. चष्मा लावा बघू."

नागोरावांनी चष्मा लावला. बुरशीच्या नावापुढे, रीतीप्रमाणे, बारीक अक्षरांत शोधणाऱ्यांची नावं होती. दुसरं आर. एन. सोनकांबळे. पहिलं एन. के. सोनकांबळे.