मोठा ढोल माझ्याकडे असतो

ढोलामागे उभ्या असलेल्या हृषीकेशला आई दिसत नव्हती आणि आईलाही तो दिसत नव्हता. मध्ये पुरुषभर उंचीचा जपानी ढोल होता, लाकडी घोडीवर चढवलेला. ढोलाच्या पुढच्या तोंडावर डोनल वाजवत होता, तोही प्रेक्षकांकडे पाठ करून. ताइको म्हणतात त्या या ढोलवादनाची रीतच तशी. पुढचा मनाला येईल ते वाजवतो आणि लोक त्याची पाठ बघून टाळ्या वाजवतात. मागचा एकच सरळ ठेका धरून ठेवतो. त्याचं तोंड लोकांकडे असतं, पण ते कुणालाच दिसत नाही.

हृषीकेश पहिल्यापासून मागचा होता. दिवसा आयर्लंडमधल्या ट्रली गावाच्या इस्पितळात लोकांना भूल द्यायची आणि संध्याकाळी ढोलामागे जाऊन धम धम करायचं. साताऱ्याला आईला मात्र त्याने फोनवर सांगितलं होतं, "मोठा ढोल माझ्याकडे असतो." हे अगदीच खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आईने ते अख्ख्या कॉलनीत सांगितलं, आणि आता गुडघ्यांना पट्टे बांधून ती स्वतःच तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती. शेजारी इस्पितळातला त्याचा मित्र गुरुनाथ आणि त्याची बायको रेवती. आपली माणसं हळू बोलत नाहीत, आणि परदेशात तर मुळीच नाहीत. इथे कुणाला कळतंय, हा भरवसा. डोनलने वाजवणं जरा खाली आणलं की ढोलामागे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काकू, तो बघा तुमचा हृषी!" गुरुनाथ म्हणाला.

तेवढ्यात डोनलला उकडलं आणि त्याने निळा डगला काढून फेकला. दुधासारखी पाठ, तिच्यावर ठिपकेच ठिपके, आणि मधोमध गोंदवलेला शिंगवाला मेंढा.

"अय्या, हा इतका गोरा कधी झाला?" रेवती म्हणाली.

"ऊन कुठाय इथे? होतो माणूस."

"आणि केस लाल?"

"मेंदी लावली असणार. पिकायला लागले होते."

"आणि पाठीवर मेंढा?"

इथे मात्र गुरुनाथ जरा अडला. "रास मेष असेल," तो म्हणाला.

आपण खोटारडे आहोत हे आईला भर सभेत कळणार, या विचाराने हृषीकेशच्या हातातल्या काठ्या घामाने निसटायला लागल्या. पण रंगमंचाला आग लागली तरी मागच्याने थांबायचं नाही, असा त्यांच्या गटप्रमुख नोराबाईंचा दंडक होता. तो थांबला नाही.

त्याची सगळी भिस्त शेवटावर होती. शेवटचा ठोका पडला की दिवे जातात आणि मग पुढचा वादक लोकांकडे तोंड करून वाकतो. त्या अंधारात दोघांनी जागा बदलायच्या, असं त्याने डोनलला गळ घालून ठरवलं होतं. डोनल ट्रलीतला प्लंबर, मनाने दिलदार. "ग्रँड," तो लगेच म्हणाला होता. "आईसाठी काय वाट्टेल ते. मी सिगरेट सोडली असंच माझ्या आईला अजून वाटतं."

शेवटचा ठोका पडला. दिवे गेले. दोघेही धावले, पण ढोलाच्या एकाच बाजूने. टाळकं टाळक्यावर आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि तो त्या रचनेचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दिवे आले. पुढे हृषीकेश वाकून उभा होता. काळे केस, सावळा रंग, अंगात डगला आणि कपाळावर टेंगूळ. टाळ्या एकदम थांबल्या. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या घरचे नळ डोनलने दुरुस्त केले होते.

"अरे देवा," मागून एक म्हातारा म्हणाला, "डोनलला झालं तरी काय?"

गुरुनाथ मात्र उभा राहून टाळ्या पिटत होता. "म्हटलं नव्हतं? सगळा लाइटचा खेळ!"

बाहेरच्या दालनात आई चहाचा कप धरून एकटीच बसली होती. काही सुचलं नाही की माणूस करतो तेच हृषीकेशने केलं. खाली वाकून तिच्या पाया पडला.

"माझ्या पाया काय पडतोस," आई म्हणाली. "मघापासून मीच तुझे पाय बघतेय."

"माझे?"

"ढोलाखालून दिसत होते ना. त्या अंगठा वेगळा असलेल्या मोज्यांत तर जास्तच. डावा अंगठा उचलून ठेका धरत होतास. पाढे म्हणताना अस्साच उचलायचास."

हृषीकेशला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हणजे गोरी पाठ, मेंदी, मेष रास, हे सगळं चाललेलं असताना आईला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"आई, मी तुला नीट सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"काय सांगायचं राहिलं? मोठा ढोल तुझ्याकडे असतो म्हणालास, तुझ्याकडेच होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदासुद्धा चुकला नाहीस." तिने त्याच्या टेंगळावरून हात फिरवला. मग कपाळाला बर्फ लावून समोरून येणाऱ्या डोनलकडे बघत तिने आवाज खाली आणला.

"पण काय रे, तू एवढं छान वाजवत होतास आणि हा मेला पुढे उभा राहून सारखा मध्येमध्ये बडवत होता. याला कुणी बोलत कसं नाही?"