पुढचे दात

"पुढचे दोन काढावे लागतील," डॉक्टर म्हणाले आणि मनकर्णानं तोंड मिटून घेतलं. नुसतं मिटलं नाही, वरून पदर दाबला.

मूल गावच्या दवाखान्यात हे डॉक्टर नागपूरहून नवेच आले होते. दात काढायचा म्हटला की ओरडणारी, पळून जाणारी माणसं त्यांनी ढीगभर पाहिली होती. ही तशी नव्हती. तिचे डोळे चिमट्याकडे नव्हते, दाराकडे होते.

"सुई टोचतो, काही कळणार नाही. तंबाखू भाजून लावतेस ना दाताला?"

"लावतो," ती पदराआडून म्हणाली. "रक्त येते म्हनून लावतो. लावलं का थांबते."

"थांबत नाही, बाई, वाढतं. दातांच्या बुडाशी घाण साचून दगड झालाय, त्याच्याखाली पू. हे दोन दात नुसते पुवात उभे आहेत. बाकीचे वाचतील. मी घाण खरवडून काढतो, तू तंबाखू सोड, कडुनिंबाची काडी नीट चावून घास, मिठाच्या पाण्यानं चुळा भर. पण हे दोन ठेवलेस तर सूज गळ्यात उतरेल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

तिचा नवरा वारलू उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. जंगलाच्या वाटेनं दोघं चालत आली होती. तो काठी घेऊन पुढे, ती मागे, नेहमीसारखी. आता तो उठून आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"मागचे काढा, साहेब. पाह्यजे तेवढे काढा. पुढचे राहू द्या."

"मागचे चांगले आहेत. चांगले दात कशाला काढू?"

"तुमाले नाई समजत." वारलूचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या गावात जादूगारीण सापडली का तिचे पुढचे दात पाडतेत. दगडानं. तोंडातून मंतर निंगू नाई म्हनून. पुढचे दात नसलेली बाई म्हंजे तेच, दुसरं काई नाई."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "पण हिनं काय केलंय?"

"शेजारच्या सुकरीचं पोरगं तापानं गेलं. अन् ही नाल्यावर रक्त थुकून राह्यली होती, ते सुकरीनंच पाह्यलं. आता बाया हिच्यासंगं पान्याले येत नाई. रक्त कोनाचं होतं, इचारून राह्यल्या."

तेव्हापासून मनकर्णा थुंकतच नव्हती. रक्त आलं की गिळत होती. हे तिनं वारलूलाही सांगितलं नव्हतं.

"मी चिठ्ठी देतो," डॉक्टर म्हणाले. "दात दवाखान्यात काढले म्हणून, सहीशिक्क्यानिशी."

"चिठ्ठी वाचाले टाइम कोन देते, साहेब?"

दात काढण्याची आजवर डॉक्टरांना कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. चिमटा पुन्हा उचलावा की नाही, तेच त्यांना कळेना.

मनकर्णानं आपणच पदर खाली घेतला. पदराला लाल डाग पडला होता. "काढा," ती म्हणाली. "ठेवले तरी रक्त दिसतेच."

दात फारसा जोर न लावताच आले. डॉक्टरांनी हिरडीवर कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितलं आणि ते दात टाकायला निघाले, तर तिनं त्यांचा हात धरला. दात मागून घेतले. लुगड्याच्या काठानं पुसले, उजेडाकडे उलटेपालटे करून पाहिले, मुळांवरून बोट फिरवलं.

"मूळ पुरं आलं ना, साहेब?"

"पुरं आलं. पण नेतेस कशाला ते?"

तिनं दात पदराच्या गाठीत बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग बोळा बाजूला करून बोबडं बोबडं बोलली, पण चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी तरतरी आली होती. "दाखवीन. दगडानं पाडलेला दात मधातूनच तुटते. मूळ आतच राह्यते. हे मुळासकट हायेत. कोनीबी पाहून घ्या म्हनीन."

वारलूलाही हायसं वाटलं. तो हसलाच. "पाहा बरं! मले कसं नाई सुचलं? तुले कसं माहीत पन हे?"

ती सुटकेच्या भरात बोलून गेली.

"मायचे म्याच येचले होते ना."

डॉक्टर हात धूत होते, त्यांना ते ऐकू गेलं नाही. वारलूला गेलं. सासूबद्दल हे त्याला आजच कळलं. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त तो तिच्याजवळून एक पाऊल मागे सरकला. मायचं दुखणं लेकीत उतरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं; आणि जादूगारीण म्हणजे गावाच्या लेखी दुखणंच.

दोघं बाहेर पडली. मनकर्णा पदराची गाठ मुठीत धरून, सवयीनं, तो पुढे होण्याची वाट पाहत उभी राहिली. वारलूनं काठी उचलली. जंगलाच्या वाटेकडे पाहिलं, तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

"तू चाल समोर," तो म्हणाला. "मी मागून येतो."