मुकी बेल
इमारतभरच्या बेल दुरुस्त करणाऱ्या वायरमनची स्वतःची बेल तीन वर्षं मुकी होती. शेजारच्या काकू टोमणा मारत, “अरे, दोन मिनिटांचं काम!” “काकू, ज्याचं येणं लिहिलंय, तो येतोच. बेलचा काय संबंध?” कोणीच येत नसे, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटंही ठरत नसे. भांडून गेलेल्या भावाने आठ वर्षांनी कळवलं, “रविवारी येतो.” रविवारी वायरमन दाढी करून बंद दारालगत आत खुर्ची टाकून बसला. दहाला पावलं दाराशी थांबली. तो उठला नाही. लिहिलं असेल तर येईलच. पावलं परतली. संध्याकाळी बाहेरच्या कडीत चिठ्ठी सापडली: “दादा, दोनदा बेल दाबली. दुपारच्या विमानाने कायमचा चाललोय. भेट लिहिलेली नसणार.” भाऊ शेवटी त्याचाच. त्याने टेस्टर काढला. दोनच मिनिटं लागली. बटण दाबलं, बेल खणखणली. “आलो, आलो!” तो बाहेरूनच ओरडला.