तोंड फिरवून

कंपनीच्या जेवणात सोजूचा, म्हणजे कोरियन दारूचा, सातवा पेला प्यो साहेबांनी स्वतः भरला. “साहेब, आता पुरे...” “आधी पी, मग बोल!” नवखा दोहून पेला दोन्ही हातांनी घेऊन, थोरांसमोर प्यायच्या रीतीनं तोंड फिरवून प्यायला. “वळण आहे पोराला,” साहेब सुखावले. तेवढ्यात दोहूनच्या पोटात ढवळून आलं. साहेबांच्या पुढ्यात ओकायचं कसं, म्हणून ओठ गच्च मिटून त्यानं उलटी दाबली आणि छाती धरून तो कोसळला. “चढली याला!” म्हणत साहेबच मोठ्यानं हसले. आता इस्पितळात डॉक्टर त्यांना सांगत होते, “उलटी दाबल्यानं अन्ननलिका फाटली असावी. यानं हे औषध गिळलं की एक्स-रेच्या फोटोत दिसेल.” नर्सनं औषधाचा पेला दोहूनपुढं केला. “आधी पी...” साहेब सवयीनं बोलून गेले आणि चरकले. दोहूननं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि तशातही रीतीनं तोंड फिरवलं.